हिंगोलीच्या लायगोत काम कोण करणार? प्रकाशानं मोजमाप करणाऱ्या फिजिसिस्टचं करिअर असतं तरी कसं?

औंढा नागनाथ म्हटलं की ज्योतिर्लिंग आठवतं. हिंगोली जिल्ह्यातल्या याच औंढ्याच्या परिसरात आता लायगो इंडिया उभं राहतंय. इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकारातल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आत जवळपास काहीच नाही अशी निर्वात पोकळी, आणि त्या पोकळीतून धावणारा लेसरचा किरण. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३मध्ये या प्रकल्पासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. २०३०च्या आसपास तो सुरू करायचा असं उद्दिष्ट आहे.

आपल्याकडे कुठलाही मोठा प्रकल्प आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. नोकऱ्या कुणाला?

एमआयडीसी असती तर उत्तर सोपं होतं. पण लायगो कारखाना नाही. ते मोजमाप करणारं एक अवाढव्य यंत्र आहे. त्यामुळे इथे लागणारी माणसंही वेगळी. प्रकाश वापरून अंतर मोजणं हेच ज्यांचं काम, अशी. कॉलेजच्या प्रॉस्पेक्टसमध्ये 'ऑप्टिकल मेट्रॉलॉजी' हा शब्द क्वचित सापडतो, आणि सापडला तरी हवामान खात्याशी संबंधित काहीतरी असावं असं वाटून विद्यार्थी पान उलटतात. (तो विषय मीटिऑरॉलॉजी. हा मेट्रॉलॉजी, म्हणजे मापनशास्त्र.)

बीएस्सी फिजिक्सला प्रवेश घेतलेल्या पोराला घरच्या लग्नकार्यात एकदा तरी विचारलं जातं, "मग पुढे काय, मास्तर होणार का?" त्याच्याकडे बहुतेकदा उत्तर नसतं. म्हणून ही माणसं आजवर कुठून आली, काय करत राहिली आणि शेवटी कुठे पोहोचली, हे बघण्यासारखं आहे. त्यांचे रस्ते सरळ गेलेले फार कमी दिसतात.

आधी हे मोजतात कसं, ते बघू

सगळ्याच्या मुळाशी एक साधी युक्ती आहे. प्रकाशाचा एक किरण घ्या, अर्धपारदर्शक आरशानं त्याचे दोन भाग करा, दोन वेगळ्या दिशांना पाठवा. दोन्हीकडे टोकाला आरसे ठेवा, म्हणजे किरण परत येतील. परत आल्यावर दोघांना एकत्र करा. दोघांनी कापलेलं अंतर सारखं असेल तर लाटा एकमेकींशी जुळतात. एकाचं अंतर किंचित जरी बदललं तरी जुळणी बिघडते आणि उजेड-अंधाराचे पट्टे सरकतात. पट्टे किती सरकले ते मोजलं की अंतर किती बदललं ते कळतं. प्रकाशाची लाट असते मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही छोटी. म्हणजे तुमच्या हातात आलेली पट्टी किती बारीक आहे बघा. या यंत्राला म्हणतात इंटरफेरोमीटर.

लायगो म्हणजे हेच यंत्र, फक्त प्रचंड मोठं आणि प्रचंड सुधारलेलं. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या दोन लायगो केंद्रांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर पकडली, तेव्हा ४ किलोमीटरच्या लांबीत झालेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. अणूच्या नव्हे, अणूच्या आत असलेल्या प्रोटॉनच्या!

नौदलातला अधिकारी आणि त्याचे सासरे

ही युक्ती ज्याच्या नावानं ओळखली जाते तो अल्बर्ट मायकेल्सन मुळात अमेरिकी नौदलाचा माणूस. १८७३मध्ये नौदल अकादमीतून बाहेर पडला, पुढे तिथेच विज्ञान शिकवायला लागला. वर्गात दाखवायला म्हणून प्रकाशाचा वेग मोजण्याचा प्रयोग करायला घेतला आणि त्यातच गुंतला. चांगली उपकरणं घ्यायला पैसे नव्हते. ते दिले त्याच्या सासऱ्यांनी, २,००० डॉलर. १८७९मध्ये त्यानं काढलेला वेग आजच्या मान्य आकड्याच्या इतका जवळ होता की चूक ०.१ टक्क्याहूनही कमी भरते. रिसर्च ग्रँटचा हा प्रकार आता कुठल्याही फॉर्ममध्ये बसणार नाही, पण काम झालं.

नंतर त्यानं नौदल सोडलं आणि प्राध्यापकी धरली. १८८७मध्ये एडवर्ड मोर्लीसोबत त्यानं जो प्रसिद्ध प्रयोग केला, त्यात 'ईथर' नावाचं अवकाशभर पसरलेलं माध्यम शोधायचं होतं. सापडलं काहीच नाही. आज फिजिक्सच्या प्रत्येक पुस्तकात तो प्रयोग आहे, तो त्या 'काहीच नाही'मुळे. १९०७मध्ये मायकेल्सनला नोबेल मिळालं. ते कुठल्या सिद्धांतासाठी नव्हतं. प्रकाशाची अचूक उपकरणं बनवली आणि त्यांनी मोजमापं केली, म्हणून ते मिळालं. विज्ञानाचं नोबेल मिळवणारा तो पहिला अमेरिकी.

नापास झालेला टेक्निशियन

लायगोची मूळ आखणी केली रायनर वाइस यांनी. त्यांची गोष्ट तर पालकांना सांगावी की नाही असा प्रश्न पडेल अशी आहे.

बर्लिनमध्ये जन्म, नाझींच्या काळात कुटुंब अमेरिकेत. पोराला नाद रेडिओ आणि स्पीकरचा. जुन्या रेकॉर्डवर ऐकू येणारी खरखर कशी घालवायची हे शिकायचं म्हणून एमआयटीत इंजिनिअरिंगला गेले. ते आवडलं नाही, फिजिक्सकडे वळले. मग एका पियानो वाजवणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडले, तिच्यामागे दुसऱ्या शहरात गेले, वर्ग बुडाले आणि एमआयटीनं बाहेरचा रस्ता दाखवला. प्रेमही टिकलं नाही.

परत आले ते विद्यार्थी म्हणून नाही, तर एका प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून. सोल्डरिंग करायचं, सर्किट जोडायचं, मशीन चालवायचं. ती प्रयोगशाळा होती अणुघड्याळावर काम करणाऱ्या जेरोल्ड झकारियास यांची. त्यांनी वाइस यांना हाताशी धरलं. पदवी पूर्ण झाली, १९६२मध्ये पीएचडी झाली, पुढे वाइस एमआयटीतच शिकवायला लागले. विद्यार्थ्यांना सापेक्षता शिकवताना एक उदाहरण म्हणून त्यांनी मांडलं की लेसर आणि आरसे वापरून गुरुत्वीय लहर मोजता येईल का. १९७२मध्ये त्याचा सविस्तर अहवाल लिहिला. कुठून कुठून आवाज घुसेल, कोणती कंपनं त्रास देतील, याची पूर्ण यादी त्यात होती. रेकॉर्डमधली खरखर घालवायला निघालेला मुलगा पुन्हा खरखरीकडेच आला होता.

अहवाल १९७२चा, शोध २०१५चा. मध्ये ४३ वर्षं. २०१७मध्ये बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांच्यासोबत वाइस यांना नोबेल मिळालं तेव्हा ते ८५ वर्षांचे होते.

आता या ४३ वर्षांत बाकीच्यांचं काय झालं ते बघा, कारण करिअरचा खरा प्रश्न तिथे आहे. लायगोचं पहिलं रूप २००२ ते २०१० या काळात निरीक्षणं घेत होतं. त्या काळात एकही लहर सापडली नाही. तरीही त्या वर्षांत अनेकांनी पीएचडी केल्या. त्यांच्या प्रबंधांचा निष्कर्ष साधारण असा असायचा की, इतक्या तीव्रतेची लहर आली असती तर आम्हाला दिसली असती, दिसली नाही, म्हणजे ती आली नाही. घरी फोनवर "काय सापडलं?" असं विचारल्यावर "काही नाही" हे उत्तर वर्षानुवर्षं देत राहणं सोपं नसतं.

मग ते करत काय होते? आवाज शोधत होते. दूरवरच्या रस्त्यावरचे ट्रक, समुद्राच्या लाटांनी हलणारी जमीन, आरशाच्या काचेतल्या अणूंची उष्णतेनं होणारी हालचाल, लेसरची स्वतःची थरथर. एकेक कारण शोधायचं, मोजायचं, घालवायचं. २०१५च्या त्या पहाटेसुद्धा लिव्हिंगस्टनच्या केंद्रात दोन शास्त्रज्ञ अशाच चाचण्या घेत होते. मुद्दाम कंपनं निर्माण करायची आणि यंत्रात काय दिसतं ते पाहायचं. थकले आणि पहाटे चारच्या सुमारास थांबले. ४ वाजून ५० मिनिटांनी लहर आली. अजून तासभर हट्टानं काम केलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार त्यांनी नंतर नक्कीच केला असेल.

सगळ्यांना श्रेय मिळतंच असं नाही

वाइस आणि थॉर्न यांच्याबरोबरीनं लायगोची सुरुवात करणारे तिसरे शास्त्रज्ञ होते स्कॉटलंडचे रोनाल्ड ड्रेवर. हातानं यंत्र जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं त्यांच्याबरोबर काम केलेले सांगतात. पण एकट्यानं कल्पना लढवत बसणारा माणूस आणि शेकडो जणांचा, वेळापत्रक लावून चाललेला प्रकल्प यांचं जमलं नाही. १९९२मध्ये त्यांना प्रकल्पातून बाजूला व्हावं लागलं. पहिली लहर सापडल्याचं त्यांना कळलं, पण मार्च २०१७मध्ये ते गेले. नोबेल जाहीर झालं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये.

त्यांचं नाव मात्र प्रयोगशाळांमध्ये रोज घेतलं जातं. लेसरची लाट एकाच मापावर घट्ट धरून ठेवायची एक पद्धत आहे, पाउंड-ड्रेवर-हॉल. १९८३च्या शोधनिबंधातून ती जगापुढे आली. यातले हॉल म्हणजे जॉन हॉल. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेत होते, तिथेच आयुष्यभर राहिले आणि २००५मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एकाला कृष्णविवरं हवी होती, दुसऱ्याला मीटर आणि सेकंद अचूक हवे होते. दोघांना लागणारा लेसर एकच! आज प्रकाशावर चालणाऱ्या अणुघड्याळांमध्येही हीच पद्धत असते.

कराचीची सायकलवाली

नर्गिस मावळवाला यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. कराचीतल्या पारशी कुटुंबात वाढलेली मुलगी. शेजारच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडून पाने-हातोड्या मागून आणायची आणि आपली सायकल स्वतः दुरुस्त करायची, असं त्यांनी मुलाखतींमध्ये सांगितलंय. अमेरिकेत पदवी, मग एमआयटीत वाइस यांच्याच हाताखाली १९९७मध्ये पीएचडी. लेसरच्या प्रकाशातच एक मूळ अनिश्चितता असते, ती आपल्याला हवी तिथून दाबून दुसरीकडे ढकलता येते. या 'दाबलेल्या' प्रकाशावर त्यांनी काम केलं आणि २०१९पासून लायगोच्या निरीक्षणांत तो वापरला जातोय. २०२०मध्ये त्या एमआयटीच्या विज्ञान शाखेच्या डीन झाल्या.

सोल्डरिंग करणारा वाइस, सायकल खोलणारी नर्गिस. या क्षेत्रात हाताला वळण असलेली माणसं टिकतात हे खरं. आपल्याकडे प्रॅक्टिकलचं जर्नल सीनिअरकडून उतरवून काढण्याची जी पद्धत आहे, तिची अडचण इथे येते.

भारतात हे रस्ते कसे गेले?

भारतातल्या दोन माणसांची नावं सामान्य वाचकाला माहीत नसतील, पण जगातल्या ऑप्टिक्सवाल्यांना माहीत आहेत.

पहिले पी. हरिहरन. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनपीएलमध्ये त्यांनी काम केलं. मग ते गेले उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्समध्ये, प्रयोगशाळांचे संचालक म्हणून. कॅमेऱ्याचे आणि एक्स-रेचे रोल बनवणारी ही सरकारी कंपनी. तिथून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक, आणि तिथून ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेत. इंटरफेरोमीटर आणि होलोग्राफीवरची त्यांची पुस्तकं जगभर वापरली जातात. प्रयोगशाळा, कारखाना, वर्ग, परदेश असा हा प्रवास. फिल्मच्या कारखान्यात घालवलेली वर्षं वाया गेली असं कुणाला वाटेल, पण होलोग्राम तेव्हा उमटायचा तो फिल्मवरच.

दुसरे एम. व्ही. आर. के. मूर्ती. समांतर पृष्ठभागांची काचेची एकच जाड पट्टी किरणाच्या वाटेत तिरकी ठेवायची. पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतणारे दोन किरण थोडे सरकून एकमेकांवर पडतात आणि पट्टे दिसतात. त्यावरून लेसरचा किरण खरोखर समांतर आहे की पसरतोय, ते लगेच कळतं. १९६४मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत आजही मूर्तींच्या नावानं ओळखली जाते. पुढे ते मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात होते. काचेची एक पट्टी, बाकी काही नाही. गरीब प्रयोगशाळेलाही परवडेल अशी.

आणि लायगोच्या बाबतीत पुण्याचं नाव जुनं आहे. आयुकातले संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी १९८०च्या दशकाच्या अखेरपासून, म्हणजे मोठी यंत्रं उभी राहण्याच्याही आधी, एका प्रश्नावर काम करत होते. यंत्रातून येणाऱ्या गोंगाटात खरी लहर ओळखायची कशी? बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासोबतचा त्यांचा १९९१चा शोधनिबंध या विषयातला पायाचा मानला जातो. सत्यप्रकाश पुढे ब्रिटन आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांत गेले, धुरंधर पुण्यात राहिले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. भारताची ताकद आजवर विश्लेषणात जास्त दिसली. हिंगोलीत मात्र यंत्र उभं करायचंय. आरसे टांगायचे, पोकळी निर्वात ठेवायची, लेसर जुळवायचा, आणि दिवसरात्र पाळीनं यंत्र चालू ठेवायचं. आयुका, इंदूरची आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा अशा चार संस्था मिळून हे करतायत. असं यंत्र हातानं जुळवण्याचा अनुभव असलेली माणसं देशात मोजकी आहेत, आणि हा अनुभव वर्गात बसून मिळत नाही.

पण सगळे लायगोत जाणार नाहीत

अर्थातच. मग बाकीचे कुठे जातात?

मधुमेह असलेल्या घरातल्या कुणाला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं असेल तर 'ओसीटी करून घ्या' हे ऐकलं असेल. हनुवटी टेकवायची, समोरच्या खुणेकडे बघायचं, काही सेकंदांत पडद्याचे थर दिसणारं चित्र येतं. कुठे सूज आहे ते त्यात कळतं. सुई नाही, काप नाही. हे यंत्र म्हणजे आतून इंटरफेरोमीटरच आहे. डोळ्याच्या कुठल्या थरावरून प्रकाश किती अंतर कापून परत आला, एवढंच ते मोजतं.

ते बनवणाऱ्यांमध्ये एक होता डेव्हिड हुआंग, डॉक्टरकी आणि पीएचडी एकदमच करणारा विद्यार्थी. दुसरा एरिक स्वॉन्सन, उपग्रहांनी एकमेकांशी लेसरनं कसं बोलावं यावर काम करणारा इंजिनिअर. तिसरे जेम्स फुजिमोटो, ज्यांची एमआयटीत लेसरची प्रयोगशाळा होती. १९९१मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला, १९९६मध्ये पहिलं यंत्र बाजारात आलं, २०२३मध्ये तिघांना लास्कर पुरस्कार मिळाला. उपग्रहावर काम करणाऱ्या माणसाला तुम्ही विचारलं असतं की तुझं करिअर कुठे जाणार, तर 'डोळ्यांच्या दवाखान्यात' असं त्यानं कधीच सांगितलं नसतं.

काही जण कंपनी काढतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातले जेम्स वायंट आधी एका ऑप्टिक्स कंपनीत नोकरीला होते, मग प्राध्यापक झाले, मग १९८०च्या दशकात त्यांनी 'वायको' ही कंपनी काढली. तिची यंत्रं पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे ते प्रकाशानं मोजायची. त्या वेळी जगभर कॉम्प्युटर पसरत होते आणि हार्ड डिस्कचे भाग तपासायला नेमकं असंच काहीतरी हवं होतं. कंपनी चालली, विकली गेली, आणि २०१९मध्ये त्यांनी दिलेल्या देणगीनंतर विद्यापीठाच्या ऑप्टिक्स कॉलेजला त्यांचं नाव दिलं गेलं. जर्मनीत थिओडोर हेन्श यांनी नोबेल मिळायच्या चार वर्षं आधी, २००१मध्येच, आपल्या तरुण सहकाऱ्यांसोबत लेसरची कंपनी सुरू केली होती.

आणि चिप. मोबाइलमधली चिप छापताना सिलिकॉनची चकती नॅनोमीटरच्या हिशेबानं सरकवावी लागते. ती कुठे आहे हे सतत मोजत राहावं लागतं, आणि तेही प्रकाशानंच. छापून झाल्यावर दोष शोधायचे तेही बऱ्याच अंशी प्रकाशानं. या क्षेत्रातल्या केएलए कंपनीचं चेन्नईत मोठं केंद्र आहे. भारतात चिपचे कारखाने उभे राहतायत, तिथेही हे कौशल्य लागणार.

चाकणचं मायक्रोमीटर आणि दिल्लीचा लेसर

हे सगळं फार वरचं वाटत असेल तर चाकणला या. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कुठल्याही कारखान्यात क्वालिटीवाल्याच्या टेबलावर मायक्रोमीटर असतं. ते बरोबर दाखवतंय कशावरून? त्याला कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट असतं. म्हणजे ते स्लिप गेज नावाच्या अचूक ठोकळ्यांशी ताडून पाहिलेलं असतं. ते ठोकळे कॅलिब्रेशन लॅबनं तिच्याहून अचूक मापाशी ताडलेले असतात. असं वर वर जात ही साखळी दिल्लीच्या एनपीएलमध्ये पोहोचते, आणि तिथे शेवटी असतो एक लेसर. भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो ना, तसंच, फक्त कित्येक पटींनी बारीक.

लेसरच का? कारण १९८३पासून मीटरची व्याख्याच प्रकाशावर आहे. प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात जेवढं अंतर कापतो, तेवढा एक मीटर. पॅरिसजवळ ठेवलेल्या धातूच्या पट्टीचा जमाना १९६०मध्येच संपला.

एनपीएलमध्ये, देशभरच्या मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन लॅबमध्ये, कारखान्यांच्या मेट्रॉलॉजी विभागात काम करणारे अनेक जण फिजिक्सचे किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचे असतात. त्यांचे फोटो पेपरात येत नाहीत. त्यांचं काम चुकलं तर मात्र बातमी होते.

आजवरची सगळ्यात मोठी बातमी हबल दुर्बिणीची. एप्रिल १९९०मध्ये ती अवकाशात गेली आणि पहिले फोटो धूसर आले. २.४ मीटर व्यासाचा तिचा आरसा कडेला गरजेपेक्षा जास्त सपाट घासला गेला होता. किती जास्त? सुमारे २.२ मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या साधारण पन्नासावा भाग. आरसा घासणाऱ्यांचं कौशल्य कमी नव्हतं. आरसा तपासायच्या उपकरणातच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं, आणि त्या उपकरणानं सांगितलं तसा आरसा अगदी हुबेहूब घासला गेला. वाईट भाग पुढे आहे. दुसऱ्या दोन साध्या उपकरणांनी काहीतरी गडबड असल्याचं दाखवलं होतं. पण महागडं उपकरणच बरोबर असणार असं धरून तो इशारा बाजूला ठेवला गेला. डिसेंबर १९९३मध्ये अंतराळवीर वर गेले, दुरुस्ती झाली आणि हबलला नीट दिसायला लागलं.

मापनात काम करणाऱ्यांना ही गोष्ट माहीत असते. त्यांच्या नोकरीचा मोठा भाग म्हणजे मीटिंगमध्ये उभं राहून "हे आकडे जुळत नाहीत, थांबा" असं म्हणणं. सगळ्यांना घाई असते आणि असं म्हणणारा नकोसा होतो.

मग जायचं कसं, आणि पैसे किती?

नेहमीचा रस्ता बीएस्सी, मग एमएस्सी फिजिक्स, मग पीएचडी. आयआयटी आणि काही केंद्रीय संस्थांत एमएस्सीसाठी जॅम परीक्षा असते. पीएचडीसाठी नेट, गेट किंवा जेस्ट. पण पीएचडीच करायला हवी असं नाही. आयआयटी दिल्लीत एमएस्सीनंतर ॲप्लाइड ऑप्टिक्समध्ये एमटेक करता येतं. कोचीच्या विद्यापीठात फोटॉनिक्सचा स्वतंत्र विभाग आहे, कोलकाता विद्यापीठात ॲप्लाइड ऑप्टिक्सचा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये एमएस्सी फिजिक्सवाल्यांना थेट अर्ज करता येतो, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतनही मिळतं. डेहराडूनची डीआरडीओची प्रयोगशाळा दुर्बिणी आणि रात्री दिसणारी उपकरणं बनवते. चंदीगडच्या सीएसआयओनं तेजस विमानाच्या वैमानिकासमोरचा हेड-अप डिस्प्ले तयार केला. बंगळुरूमध्ये इस्रोची एक प्रयोगशाळा फक्त उपग्रहांच्या ऑप्टिक्सवर काम करते.

पैशाचं बोलायचं तर, जानेवारी २०२३पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी सीनिअर झाल्यावर ४२,००० रुपये असा दर आहे, घरभाडं वेगळं. पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज लागतात. त्याच वयात सोबतचा इंजिनिअर मित्र ईएमआयवर गाडी घेऊन मोकळा झालेला असतो. फेलोशिप महिनोन्‌महिने रखडल्याच्या तक्रारीही नवीन नाहीत. पीएचडीनंतर परदेशात दोन-तीन वर्षांच्या कंत्राटी पोस्टडॉक, मग कायम नोकरीची वाट. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. हे माहीत करून घेऊनच उडी मारलेली बरी.

जमेची बाजू अशी की या विषयात हातात जे येतं ते दुसरीकडे चालतं. लेसर जुळवता येणं, कमी उजेडात सिग्नल शोधणं, इलेक्ट्रॉनिक्स, थोडं प्रोग्रॅमिंग, भिंगांची रचना करायचं सॉफ्टवेअर, आणि आपल्या आकड्यात चूक किती असू शकते हे प्रामाणिकपणे लिहिता येणं. कृष्णविवरांवर पीएचडी केलेला माणूस वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत गेला तर त्याला पहिल्यापासून शिकावं लागत नाही.

हिंगोलीचं यंत्र ठरल्या वेळेत सुरू झालं, तर ते जुळवायला लागणारी तरुण मंडळी आज कॉलेजात आहेत. बऱ्याच कॉलेजांच्या फिजिक्स लॅबमध्ये मायकेल्सनचा इंटरफेरोमीटर असतो, अनेकदा कपाटात, वर धूळ. परीक्षेला तो आला तर स्क्रू फिरवत पट्टे मोजायचे असतात. तेवढ्यात शेजारच्यानं टेबलाला कोपर टेकवलं की पट्टे थरथरतात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करावी लागते.